पाठ झालेला नियम

अर्जांची ही संगणक-प्रणाली लिहिणाऱ्या संजनाने सहाव्यांदा बटण दाबलं आणि पडद्यावर तीच लाल ओळ आली: ‘वडिलांचे नाव आवश्यक.’

२००६ सालचा जून. मुलींच्या वसतिगृहाच्या अर्जांची मुदत पाचला संपत होती आणि साडेचार वाजून गेले होते. सुरगाण्याहून आलेली पुतळाबाई लेकीचा, रोशनीचा, दाखला दोन्ही हातांनी धरून टेबलापाशी उभी होती. दाखल्यावर फक्त आईचं नाव. बाप रोशनीच्या जन्माआधीच परागंदा झालेला. आईचं नाव पुरेल, असं परिपत्रक कालच आलं होतं. पण अर्ज गेला नाही तर जागा नाही, आणि जागा नाही तर रोशनीला नाशकात अकरावी कुठली?

“संगणकात सगळे नियम ज्या मूळ तक्त्यात असतात, त्यात सकाळीच बदललंय, काका,” संजना म्हणाली. “हा रकाना आता सक्तीचा नाही. पडद्यावरचा अर्ज तक्त्यालाच विचारून नियम ठरवतो.”

एकोणतीस वर्षं या खिडकीवर काढलेला कारकून रंगनाथ या यंत्रापुढे पहिल्या दिवसापासून मनोमन हात जोडून होता. कोणता रकाना सक्तीचा, कुठे किती अक्षरं मावतात, हे यंत्राला कुणी शिकवायला नको. तक्ता बघून ते आपलं आपणच जाणतं. असलं नवल रंगनाथने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

“दर वेळी विचारतो?”

संजनाची बोटं थांबली. “नाही. फार वेळ जातो त्यात. एकदा विचारतो आणि लक्षात ठेवतो. मीच तसं लिहिलंय!” तिने कपाळावर हात मारला. “जुनंच पाठ आहे त्याला.”

रंगनाथ हसला नाही.

“माझंही तसंच झालं होतं, चौऱ्याऐंशी साली. पालकाची सही नसली तरी अंगठा चालेल, असा कागद आला होता. पण मला नियम तोंडपाठ. कागद उघडून बघतोय कोण? आठ दिवस अंगठेवाल्यांना परत पाठवलं.”

“मग?”

“नवव्या दिवशी साहेबांनी कागद पुढ्यात ठेवला. गेलेले थोडेच परत येतात?”

संजनाने अर्जाने लक्षात ठेवलेले जुने नियम पुसले. त्याला एक कळ पुरली. पुन्हा बटण दाबलं, तर लाल ओळ गायब, ‘अर्ज स्वीकारला.’ रंगनाथ बघतच राहिला. पाठ करणं त्यालाही जमलं होतं, पण हे असं क्षणात विसरणं! बावीस वर्षांत त्याला ते साधलं नव्हतं.

पावती निघाली. पुतळाबाईने ती दारात उभ्या रोशनीला दिली आणि ती परत टेबलापाशी आली.

“त्या आठ दिवसांत आम्हीबी आलो व्हतो, दादा,” ती म्हणाली. “मी न माझा बाप. तुम्हीच व्हते खिडकीत.”

रंगनाथने तिच्या आवाजात राग शोधला. तो कुठेच नव्हता.

“हिचं झालं आज. लय झालं.”

रंगनाथ खुर्चीवरून उठला. इतका वेळ ती उभीच होती, हे त्याला आत्ता दिसलं.