काचेची तार

तिनं राउटरचा अडॅप्टर भिंतीतून उपसला, त्या जागी दुसरा खोचला आणि गुडघ्यांवर बसूनच, मागे न बघता विचारलं,

"आता गेला का आवाज?"

खुर्चीत डोळे मिटून बसलेल्या वडिलांनी उत्तराला चांगला वेळ घेतला. स्पीकरवर व्हायोलिन चालू होतं.

"आहे."

"तसाच?"

"जरा बारीक झालाय. पण आहे."

हे "आहे" ऐकून ऐकून तिचे कान किटले होते. सकाळपासून हा सहावा प्रयोग. टीव्हीची वायर लांब केली, फ्रिजचा प्लग दुसरीकडे नेला, राउटर कपाटावरून खाली आणला. नवऱ्यानं एकदा स्पीकरला कान लावून "मस्त आहे की!" असा निकाल दिला होता आणि अंग काढून घेतलं होतं. आई स्वयंपाकघरातून मधूनमधून विचारत होती, "झालं का गं तुमच्या कानसेनांचं समाधान?"

कानसेन हे वडिलांना पियानोच्या कारागिरांनी दिलेलं नाव. चाळीस वर्षं त्यांनी पियानो सुरात लावले. शाळांचे, सभागृहांचे, रेकॉर्डिंगच्या स्टुडिओंमधले. हे नाव त्यांना कधी जड वाटलं नाही. आपली चूक झाली असं ते कधी म्हणाल्याचंही घरात कुणाला आठवत नव्हतं. चूक हवेची असायची, लाकडाची असायची, फार तर वाजवणाऱ्याच्या बोटांची. लेकही काही कमी नव्हती. एका मोठ्या इस्पितळाचं सगळं नेटवर्क ती सांभाळायची, आणि तिथे कुणी "नेट स्लो आहे" म्हटलं की तिला ते शिवी दिल्यासारखं लागायचं.

तीन महिन्यांपूर्वी आईवडील कायमचे तिच्याकडे राहायला आले. वडिलांच्या गुडघ्यांना जिने झेपेनात. सामान आवरताना तबकड्यांची चार खोकी निघाली, तेव्हा तीच तोऱ्यात म्हणाली होती, "बाबा, देऊन टाका हो. माझ्याकडे सगळं आहे. नाव सांगा, दोन सेकंदांत वाजेल." त्यांनी चारही खोकी एका संगीतशाळेला दिली. पहिल्याच संध्याकाळी तिनं त्यांना हौसेनं या खुर्चीत बसवलं. चार मिनिटं ऐकून ते "छान आहे" म्हणाले आणि आत जाऊन पेपर वाचत बसले. त्यानंतर ते या खोलीत संगीत ऐकायला आलेच नाहीत. पेपर मात्र हरवलेल्या कुत्र्यांच्या जाहिरातींपर्यंत वाचून काढायचे. आपण यांच्या तबकड्याही घालवल्या आणि ऐकणंही घालवलं, हे तिला जेवतानासुद्धा टोचायचं.

शेवटी तिनं त्यांना स्पष्टच विचारलं, तेव्हा ते म्हणाले होते, "सुरांच्या मागे गुरगुर आहे गं. बारीक. सूर विरायला लागला की ती वर येते."

त्यावर ती हसली होती. लॅपटॉप त्यांच्यापुढे धरून तिनं आकडे दाखवले. "हे बघा, एक कण हरवत नाहीये वाटेत. जसं तिकडून निघतं तसंच्या तसं इथे पोचतं."

"पोचत असेल. पण येताना चिखलाचे पाय घेऊन येतंय."

हे वाक्य तिच्या डोक्यातून जाईना. म्हणून आजचा रविवार तिनं या गुरगुरीसाठीच राखून ठेवला होता.

सातवा प्रयोग वगैरे काही नव्हता, नुसता वैताग होता. तिनं नेटवरून संगीत आणणाऱ्या प्लेअरच्या पाठीमागची केबल हिसका देऊन उपटली. गाणं लगेच थांबलं नाही. प्लेअरनं काही सेकंदांचं संगीत आधीच पोटात साठवून ठेवलेलं असतं, त्यावर ते चालू राहिलं.

वडिलांनी बोट वर केलं. डोळे उघडले.

"गेली! आत्ता काय केलंस तू?"

ती केबल हातात धरून बघतच राहिली. तेवढ्यात साठा संपला आणि व्हायोलिन मध्येच तुटलं.

ती केबल तिनं मुद्दाम निवडलेली होती. जाड, धातूच्या वेष्टनाची, इस्पितळात वापरतात तसली. सगळ्यात भारी ती आपल्या घरी, असा तिचा हिशेब. इस्पितळात त्या वेष्टनावर जमणाऱ्या विजेला अर्थिंगमधून जमिनीत उतरायची नीट वाट करून दिलेली असते. इथे तेच वेष्टन राउटरकडची विजेची कुरकुर गोळा करून थेट ॲम्प्लिफायरच्या दारात आणून सोडत होतं. संगीताला काही झालं नव्हतं. त्याच्या जोडीनं हा बिनबोलावलेला पाहुणा आत येत होता.

"बाबा, तुमचं बरोबर होतं. माझीच चूक."

"अगं, तुझी चूक कसली? तारेची चूक."

पुढच्या रविवारपर्यंत तिनं काचेची तार आणली. केसाएवढ्या काचेच्या धाग्यातून फक्त उजेड जातो, वीज जाऊच शकत नाही. दोन टोकांना दोन छोट्या डब्या. एक डबी तारेतला संदेश उजेडात बदलते, दुसरी उजेडातला संदेश पुन्हा तारेत. प्लेअरकडच्या डबीला तिनं वेगळा, शांत अडॅप्टर दिला आणि तिथून पुढे वीतभर धातूचं वेष्टन नसलेली साधी केबल लावली. काच फार वाकवली तर तुटते म्हणून कोपऱ्यांवर मोठं वळण घेत, भिंतीच्या कडेनं एकेक क्लिप ठोकत ती प्लेअरपर्यंत आली. आईनं टॉर्च धरला. कोपरा सरळ आला नाही म्हणून लेकीनं ठोकलेल्या चार क्लिपा उपटून पुन्हा ठोकल्या. कपाटामागे कोण बघणार होतं? पण हे काम तिचं होतं.

मग तिनं वडिलांना हाक मारली. ते खुर्चीत बसले.

"काय लावू?"

ते थोडे अडखळले. "बाईंचं आहे का बघ. ते सभागृहातलं, एकट्या पियानोचं."

बाई म्हणजे ज्यांच्या पियानोला त्यांनी अकरा वर्षं दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नव्हता त्या वादक. त्या ध्वनिमुद्रणाच्या वेष्टनावर खाली बारीक अक्षरात वडिलांचंही नाव छापलं होतं. आयुष्यात एवढं एकच ठिकाण.

तिला ते सापडलं. पहिला सूर आला आणि तिचीच मान वर झाली. सुराच्या मागे काहीही नव्हतं. सभागृहाची मोकळी हवा ऐकू येत होती, बाईंनी पायाखालचं पेडल सोडल्याचा मऊ आवाज येत होता. वडील हलले नाहीत. वीस मिनिटं त्यांचे हात मांडीवर तसेच होते. शेवटचा सूर वाजला, लांबत गेला, विरत गेला, आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

ती पुढे सरकली.

"अजून आहे?"

"शेवटचं परत लाव."

तिनं लावलं. मग पुन्हा. मग आणखी एकदा.

"बाबा, सांगा ना. मी उद्या ती डबी बदलते. काचही बदलते हवं तर."

"थांब गं. गुरगुर नाही ही." त्यांनी तिला जवळ बसवलं आणि हात पुढे धरला. "आता सूर विरायला लागला की माझ्या हाताकडे बघ."

सूर लांबू लागला. त्यांचा तळवा हळू वर गेला, हळू खाली आला, पुन्हा वर. मग तिलाही ऐकू आलं. सूर सरळ जात नव्हता, किंचित झुलत होता.

"एका सुराला तीन तारा असतात. त्यातली एक उतरलीय. केसभर."

"पियानो तापला असेल दिव्यांनी," ती घाईनं म्हणाली. "आणि बाबा, इतक्या वर्षांत कुणाला कळलंय का?"

"मलाच कळलं नाही. तबकडीच्या खरखरीत बुडालं होतं ते." ते समोर बघत होते. "दिवे कसले? जेवणाच्या सुट्टीनंतर सगळ्या तारा परत तपासायच्या असतात. मी तपासल्या नाहीत. म्हटलं, मी लावलाय, हलतोय कशाला! माझी चूक आहे ही."

त्यांच्या तोंडून हे ऐकण्यासाठी तिनं आठवडाभर घाम गाळला नव्हता. आपण त्यांच्या आयुष्यातली एकच अभिमानाची गोष्ट घालवून बसलो असं वाटून तिनं रिमोट उचलला.

"बंद नको करूस," ते म्हणाले, आणि त्यांनी खिशातून फोन काढला. चष्मा कपाळावर चढवून नंबर शोधला.

"बाई, मी बोलतोय. हो, बरा आहे. ऐका, तुमच्या त्या सभागृहातल्या पियानोचा शेवटचा सूर आहे ना, त्यात माझी एक तार उतरली होती. नाही नाही, तुमची बोटं कशाला! माझीच चूक. आज कळलं." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. ते ताठ बसले. "कुठे म्हणजे? माझ्या लेकीच्या घरी. तुमच्याकडे नाही ऐकू यायचं ते, बाई. इथेच यावं लागेल तुम्हाला."