खुंटीवरची बेडी वाजते तेव्हा

या रे, जवळ या. अगदी खुंटीखाली येऊन बसा. पायांत पाय अडकवू नका, मांडी मोकळी घाला. अडकलेले पाय मला आता बघवत नाहीत. बुवा कीर्तनाला उभे राहिले की कसे चिडीचूप होता, तसे व्हा. एका माणसाच्या पावलांची गोष्ट सांगते.

मित्रांनो, मी एक जुनी बेडी आहे. पांझरेकाठच्या एका तुरुंगाच्या देवडीत टांगलेली.

माझा जन्म चाळीसगावचा. मोडीत निघालेल्या रुळाचा तुकडा लोहाराने तापवला आणि त्याची दोन कडी आणि दीड वितीची साखळी घडवली. ज्या लोखंडावरून माणसे गावोगाव जायची, त्याच्या नशिबी माणसाला जागच्या जागी धरून ठेवणे आले. काय म्हणावे या प्राक्तनाला! पण तेव्हा मला त्याचा तोरा होता. "पक्की आहे हो!" असे साहेबलोक म्हणत आणि मी फुलून जाई.

मग माझ्यात लोटनचे पाय आले. लोटन भडगावचा. पाटाच्या पाण्यावरून भांडण झाले, त्याने दांडा उगारला, समोरचा पुन्हा उठलाच नाही. तुरुंगातूनही तो एकदा पळाला, म्हणून मी त्याच्या घोट्यांवर ठोकली गेले, ती वर्षानुवर्षे. आत टाळ आणायला बंदी होती. एकादशीच्या भजनाला लोटन पाय आपटून मलाच वाजवी. देवाचे नाव मी प्रथम ऐकले ते असे, त्याच्या पायांत राहून.

स्वराज्य आल्यावर काही वर्षांनी शालिग्रामराव जेलर म्हणून आले. त्यांनी बेड्या काढवल्या, टाळ आत आणवले आणि भिंतीबाहेर नदीकाठी कैद्यांना भाजीचे वाफे दिले. वरून मात्र हुकूम होता: एक जरी पळाला, तरी सगळ्यांना पुन्हा बेड्या.

"बोक्याले दूध राखाले बसाडं तुम्ही, साहेब," म्हातारा शिपाई तोताराम म्हणाला.

"बघू या, आबा. बोकासुद्धा कुणाचा तरी लाडका असतो," साहेब हसले.

मला देवडीत टांगले. आणि मित्रांनो, तेव्हापासून ते सुरू झाले. लोटन अंगणात चालू लागला की इथे खुंटीवर मी वाजायची. वारा नाही, कुणाचा हात नाही. खण्... खण्... त्याच्या प्रत्येक पावलाला एकदा. तोताराम दचकून वर बघे, "उंदीर व्हई," असे पुटपुटे आणि माझ्याकडे पाठ करून बसे.

चैत्रातली ती तिन्हीसांज. नदीकडून वावटळ उठली, आभाळ मातकट झाले. कैदी धावत आत आले. मोजणी झाली. लोटन नव्हता.

"साहेब, तो पयना! मी सांगेल व्हतं!" तोताराम ओरडला. पळाला, दुसरे काय!

शालिग्रामरावांचा चेहरा उतरला. बराच वेळ ते फाटकाकडे बघत राहिले. मग हुकूमच होता, लोहाराला बोलावले. भाता फुसफुसू लागला. कैदी ओळीने बसले. ओळीतल्या पहिल्या कैद्याने आपला पाय आपणच ऐरणीवर ठेवला. लोहाराने हातोडा उचलला.

आणि मी वाजले.

खण्... खण्...

भाता थांबला. सगळे माझ्याकडे बघत होते. मी हलत नव्हते, मित्रांनो; साखळी सरळ लोंबत होती, तरी आवाज येत होता. भिंतीपलीकडून कुणीतरी बेडी घालून चालत यावे तसा. जवळ, आणखी जवळ. तोतारामने डोळे मिटून देवाचा धावा केला.

"फाटक उघडा," साहेब म्हणाले.

धुळीत लोटन उभा होता. घोटे उघडे. दोन्ही पाय दीड वितीच्या आत. तो तसाच आखडत, फरपटत आत आला.

"मी पयनू नही, आबा," तो रडत म्हणाला. "बठ्ठा पुढे निंघी ग्यात. मनं पाऊलच मोठं पडस नही."

सगळे पुढे धावून गेले, हा आखूड पावलांनी मागे राहिला; अख्खी नदी मोकळी होती आणि हा माणूस माझ्याच मापाने परत आला होता. मी त्याच्या पायांत नव्हते, तरी सुटलेही नव्हते. तोरा गेला माझा तो त्या क्षणी.

लोहाराने हातोडा खाली ठेवला. तोताराम उठला, कमरेचा पट्टा सोडून त्याने बाजूला टाकला आणि लोटनचा हात धरला. "चाल, येड्या. पावली खेयाले शिकाडतो तुले." भजनात पुढे-मागे नाचतात ती पावली. "आते पुढे टाक. लांब! मी धरेल शे ना!"

दर एकादशीला दोघे अंगणात नाचत. म्हातारा धापा टाकी, शिव्याही देई. खुंटीवर माझा आवाज हळूहळू विरळ होत गेला. एका एकादशीला टाळ घुमले, लोटनने ढांग टाकली आणि मी मुकी झाले.

पुढे लोटन सुटला. भडगावच्या वाटेला लागला तेव्हा मी कान देऊन होते. खुंटी गप्प होती.

पण कधीकधी, वारा नसताना, अजून मी वाजते. मग मला कळते, कुठेतरी सुटून घरी निघालेला कुणीतरी आखडत चालला आहे. तो तुमच्या आळीतून जाईल. त्याच्यामागे कुजबुजू नका, पोरांनो. जमलेच तर दोन पावले बरोबर चाला.

आणि भजनात पावली खेळाल ना, तेव्हा पहिले पाऊल जरा लांब टाका, आणि लोटनची आठवण काढा.