निकाली निघालेले दरवाजे

लिफ्टची देखभाल करणाऱ्या त्या कंपनीत एका तत्त्वावर सर्वांचे एकमत होते: साठवलेल्या नोंदींना साध्या भाषेत प्रश्न विचारण्याचे साधन घ्यायचे, तर ते ज्यांनी आयुष्यात कधी काही विचारले नाही अशांनीच निवडावे. त्यानुसार निवड समितीत संचालक होते, त्यांचे मेहुणे होते आणि संगणक विभागाचे प्रमुख होते. या प्रमुखांना सारे पाठीमागे 'पंडित' म्हणत. तक्रार कक्षाच्या प्रमुख बाईंना 'सामान्य वापरकर्ता' म्हणून बोलावले होते, म्हणजे तोंडी लावायला.

बाईंना मानपान नको होता, उत्तर हवे होते. गेल्या आठवड्यात एका निवृत्त शिक्षकांचा हात लिफ्टच्या दारात चेंगरला होता. त्याच दाराची तक्रार त्यांच्या सुनेने पूर्वी दोनदा केली होती, आणि दोन्ही वेळा ती निकाली निघाली होती. "तुमच्या नोंदीत आमची लिफ्ट धडधाकट आहे हो," सून फोनवर म्हणाली होती, "सासऱ्यांची बोटं तेवढी प्लास्टरात आहेत." अशी दारे आणखी कुठे आहेत, हे बाईंनी पंडितांना विचारले होते. "रांग आहे मॅडम, पुढच्या महिन्यात बघू," असे उत्तर मिळाले होते.

पहिल्या विक्रेत्याचे साधन देखणे होते. संचालकांनी एका बोटाने प्रश्न टाइप केला: 'दारांच्या किती तक्रारी शिल्लक आहेत?' पडद्यावर भले मोठे हिरवे शून्य उमलले. मेहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

दुसरे साधन करड्या रंगाचे, रूपाने यथातथाच. त्याच प्रश्नावर त्याने आकडा दिलाच नाही. त्याने विचारले: 'मेकॅनिक इमारतीत पोहोचताच तक्रार निकाली निघते, असे नोंदींच्या वेळांवरून दिसते. शिल्लक मोजताना तेच धरू का?'

खोलीत कुणीतरी खाकरले. मेकॅनिकची तत्परता तक्रार किती लवकर निकाली निघते यावर मोजायची, हा संचालकांचाच नियम. त्यामुळे मेकॅनिक फाटकाशीच मोबाइलवर 'निकाली'चे बटण दाबत आणि मग पाना शोधत. हे गुपित नव्हते. ते फक्त कुणी उच्चारत नसे.

"हे उलट आपल्यालाच विचारतंय की," मेहुणे म्हणाले. "त्यासाठी घरी बायको आहे."

"सामान्य माणसाचा गोंधळ उडेल," पंडितांनी निर्णय दिला. "साधनानं उत्तर द्यावं. शंका काढू नयेत."

"सामान्य माणूस म्हणजे मीच ना?" बाई म्हणाल्या. "माझा नाही उडाला."

ज्ञानाची सुरुवात शंकेपासून होते, असे म्हणणारे पूर्वज बहुधा खरेदी समितीवर नसावेत. बाईंनी कुणाची परवानगी न मागता खुर्ची पुढे ओढली आणि उत्तर लिहिले: 'नाही. त्याच दाराची तक्रार पुन्हा आली असेल, तर आधीची मिटलीच नाही असे धर.'

पडद्यावर पत्ते उतरू लागले. एक पाळणाघर. एक वाचनालय. दंतवैद्यांची इमारत. ज्या शिक्षकांचा हात चेंगरला होता त्यांचीही. ती लिफ्ट त्या क्षणीसुद्धा चालू होती.

"मॅडम, जुनी मढी इथे उकरू नका," संचालक शांतपणे म्हणाले. "आज आपण साधन निवडतोय."

आणि त्यांनी ते निवडले. हिरव्या शून्याला तीन मते पडली. बाईंना मत नव्हतेच, त्यामुळे निवड एकमताने झाली. पंडितांनी निष्कर्षात 'वापरण्यास सुलभ' असे शब्द घातले आणि चहा आला.

बाई चहाला थांबल्या नाहीत. पत्त्यांची छापील प्रत घेऊन त्या आपल्या टेबलाशी गेल्या. धोका दिसल्यास लिफ्ट बंद करवण्याचा अधिकार तक्रार कक्षाला होता; ग्राहक चिडतात म्हणून तो आजवर कुणी वापरला नव्हता. त्यांनी पहिला फोन पाळणाघराला लावला, दुसरा शिक्षकांच्या सुनेला. तिसरा चालू असताना संचालक दारात येऊन उभे राहिले.

"कुणाला विचारून लिफ्ट बंद करताय?"

बाईंनी रिसीव्हरवर तळवा ठेवला. "तुमच्यासमोरच विचारलं, सर. उत्तर आलं तेव्हा तुम्ही साधन निवडत होतात."

मग तळवा काढून त्या पलीकडच्या माणसाला म्हणाल्या, "हो, आत्ताच बंद करा. पाटी लावा, लोकांना जिन्यानं जाऊ द्या. शिव्या घातल्या तर म्हणावं, तक्रार कक्षाला फोन करा. मी इथेच बसलेय."