मेजर थर्लोंचे पाय

ब्रिटिश साम्राज्याचं आकाश ज्यांनी जिंकलं, ती माणसं गरुडाच्या काळजाची होती. आमच्या निवृत्त अधिकाऱ्यांच्या वार्षिक जेवणात हे वाक्य दरवर्षी कोणीतरी उभं राहून म्हणतं आणि आम्ही टेबलावर मुठी आपटतो. त्या गरुडांपैकी एकाला मी जवळून ओळखत होतो. शिडीच्या तिसऱ्या पायरीवर त्यांना घेरी येत असे.

मेजर ऑस्बर्ट थर्लो मूळचे घोडदळातले. महायुद्धाच्या दोनेक वर्षं आधी, लष्करी सरावाच्या लुटुपुटूच्या लढाईत त्यांनी आपली अख्खी रेजिमेंट एका चर्चमागच्या झाडीत अशी बेमालूम लपवली होती की त्यांचा स्वतःचा स्वयंपाकीसुद्धा दोनदा चुकला. सकाळी साडेसात वाजता एक विमान वरून टरटरत गेलं. आठ वाजता दंडाला पांढरी पट्टी बांधलेला पंच आला आणि म्हणाला, "मेजर, तुम्ही सगळे मेलात. न्याहारी पुरी करा, घाई नाही." मेजरनी मार्मालेडचा चमचा खाली ठेवला, आभाळाकडे पाहिलं आणि त्याच दिवशी वायुदलासाठी अर्ज केला.

अडचण एकच होती. वायुदलात जायचं तर आधी उडण्याचा दाखला हवा, आणि तोही चाळिशीच्या आत. मेजरचा चाळिसावा वाढदिवस होता सप्टेंबरच्या एकोणीस तारखेला. ते आमच्या विमान शिकवण्याच्या मैदानावर पोचले तेव्हा ऑगस्टची चोवीस होती. दाखला हुकला तर परत रेजिमेंटला जायचं, आणि तिथल्या कर्नलनी त्यांच्यासाठी जागा राखून ठेवली होती: बँड आणि शिकारी कुत्र्यांचा प्रमुख.

शिकवणारे गार्बट हे यॉर्कशायरचे, पूर्वी सायकली दुरुस्त करायचे. त्यांचे नियम दोनच. पहिला वाऱ्याचा. मैदानाच्या मधोमध एकाने सिगारेट पेटवून उभं राहायचं; धूर सरळ वर गेला तर उडायचं, वाकला तर चहा प्यायचा. हे सिगारेटचं काम माझ्याकडे होतं. मी तेव्हा लेफ्टनंट होतो, आणि साम्राज्याच्या हवाई सामर्थ्यासाठी त्या महिन्यात मी जितका खोकलो तितका पुढे महायुद्धातही खोकलो नाही.

दुसरा नियम त्यांनी मेजरच्या बुटांकडे पाहून पहिल्याच दिवशी सांगितला. घोड्याला टोचायचे ते टाचेचे काटे घालून माझ्या यंत्रात बसायचं नाही. तिथे पायापाशी सगळ्या तारा आहेत, पाय रेटूनच विमान वळतं. काटा अडकला की साहेब एकीकडे आणि विमान दुसरीकडे. मेजर म्हणाले की घोडदळाचा अधिकारी काट्यांशिवाय जेवायलाही बसत नाही. गार्बट म्हणाले, "मग जेवताना घाला, साहेब. जेवणाचं टेबल पडत नाही."

मेजरनी काटे काढले आणि शिकायला लागले. घोडा थांबवायचा तर लगाम मागे ओढायचा, हे त्यांच्या रक्तात होतं. विमानाचा दांडा मागे ओढला की ते थांबत नाही, नाक वर करून उभं राहतं आणि मग धोंड्यासारखं खाली येतं. मेजर तीनदा असे खाली आले. पहिल्यांदा चाकं गेली, दुसऱ्यांदा शेपूट, तिसऱ्यांदा त्यांचे पुढचे दोन दात. दर वेळी उठून, कपडे झटकून ते एवढंच म्हणत, "चूक माझी. घोडी चांगली आहे." आणि संध्याकाळी जेवणाच्या खुर्चीत बसून चमचा हाच दांडा समजून तो पुढे-मागे हलवण्याचा सराव करत.

परीक्षा ठरली अठरा तारखेला, म्हणजे शेवटच्या दिवशी. दोन खांबांभोवती पाच वेळा आठाचा आकडा काढायचा, इंजिन बंद करून उतरायचं आणि खुणेपासून पन्नास यार्डांच्या आत थांबायचं. दाखला देणाऱ्या विमान-क्लबचे दोन निरीक्षक आले. एक मिस्टर पिम, ज्यांना सातची गाडी पकडायची होती. दुसरे कर्नल डेव्हेनिश, वय सत्तर, मेजरचे घोडदळातले जुने, आता निवृत्त वरिष्ठ, जे माणसाच्या चेहऱ्याआधी त्याचे बूट पाहत.

मेजर चार वाजता आले. उन्हाळ्यासारखी संध्याकाळ होती, तरी अंगात घोट्यापर्यंतचा लांब कोट. वर गारठा असतो, म्हणाले. कर्नलसमोर खणकन टाचा जुळवून कडक सलाम केला आणि झपाट्याने विमानात जाऊन बसले.

मी सिगारेट पेटवली. धूर आडवा गेला.

गार्बट म्हणाले, उतरा, चहा घेऊ. मेजर म्हणाले, मी इथेच बरा आहे. पाच वाजले, धूर आडवाच. गार्बटनी चहा विमानापाशी नेला. मेजरनी तो बसल्या जागी प्यायला. साडेपाचला मिस्टर पिम घड्याळ पाहत म्हणाले की पुढच्या आठवड्यात पाहू. मेजर वरून म्हणाले, "पुढच्या आठवड्यात मी म्हातारा असेन, सर. मी हललो तर हे यंत्र घेऊनच हलेन."

कर्नल डेव्हेनिशच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघा," ते मला म्हणाले, "याला म्हणतात बैठक. दीड तास झाला, खोगीर सोडलं नाही."

सहा वाजून दहा मिनिटांनी माझ्या अकराव्या सिगारेटचा धूर दोरीसारखा सरळ वर गेला.

मेजर उडाले. उजवी वळणं त्यांनी सुरेख घेतली. डावं वळण मात्र असं अवाढव्य झालं की त्यात शेजारच्या गावाचं चर्च, गिरणी आणि एक क्रिकेटचा सामना आला. गार्बट पुटपुटत होते, डावा पाय रेटा, साहेब, डावा पाय. मेजर पंख तिरके करून, सगळं अंग झोकून ते विमान वळवत होते. पाच वेळा वळवलं. शेवटी इंजिन थांबलं आणि त्या शांततेत आभाळातून स्पष्ट ऐकू आलं, "सावकाश, राणी, सावकाश." दांडा त्यांनी मागे ओढला नाही. विमान खुणेपासून बारा यार्डांवर थांबलं.

पुढे हाच माणूस स्क्वाड्रनचा प्रमुख झाला, मग विंगचा, मग ब्रिगेडियर जनरल. बसल्या जागेवरून न हलण्याबद्दल फ्रान्समध्ये त्यांची ख्याती होती. पण त्याची सुरुवात ही. मिस्टर पिमनी तिथेच कागदावर सही केली. कर्नलनी टोपी काढली. गार्बट पळत निघाले. मी तरुण होतो, पाय मोकळे होते, म्हणून सर्वांच्या आधी पोचलो. अशा क्षणी मोठी माणसं काय बोलतात ते लिहून ठेवावं, म्हणून वहीसुद्धा काढली.

मेजर उठले नाहीत. चेहरा पांढरा, नजर समोर. त्यांनी मला बोटाने जवळ बोलावलं.

"क्वेल," ते हळूच म्हणाले, "चार वाजल्यापासून डाव्या टाचेचा काटा तारेत अडकलाय. एक पक्कड आण. आणि त्याआधी गार्बटना चहाला पाठव."