सीटखालची पट्टी

मी एक छोटा ट्रॅक्टर बोलतोय, आणि जरा घाईतच बोलतोय. स्वभावच तसा. मला एका जागी उभं राहणं जमत नाही. इंजिन बंद असलं तरी आत काहीतरी चालूच असतं. त्यातून गेले काही दिवस मला चैनच पडत नाहीये. सांगता सांगता मी मध्येच उडी मारली, तर सांभाळून घ्या.

माणसांचं वय वर्षांत मोजतात, माझं तासांत. स्टिअरिंगसमोर एक छोटं मीटर आहे. मी जेवढा वेळ चालतो तेवढंच ते पुढे सरकतं. उभा राहिलो की माझं वय थांबतं. तुम्हाला हेवा वाटेल, पण उभं राहून तरुण राहण्यात काही राम नाही. मी अनुभवाने सांगतो.

माझा जन्म समुद्रापलीकडचा. लांबलचक शेड, वर तापलेला पत्रा, खाली घामाने भिजलेल्या टोप्यांची रांग. इंजिन एका गावाहून आलं, टायर दुसऱ्या गावाहून, आणि मधला सगळा डोलारा त्या शेडमध्ये जोडला गेला. शेवटी एका बाईने माझ्या सीटखाली दोन रिव्हेट मारून धातूची एक पट्टी बसवली. तिच्यावर त्यांच्या लिपीत कारखान्याचं नाव होतं आणि माझा नंबर. बाईने पट्टीवरून अंगठा फिरवून पाहिला आणि ती पुढच्याकडे वळली. बारसं म्हणाल तर एवढंच.

बॉनेट मात्र कोरंच ठेवलं. मला वाटलं, विसरले.

मग कित्येक आठवडे लोखंडी पेटाऱ्यात बंद. खाली समुद्र, वर अंधार, आणि मला हलायला वीतभर जागा नाही. उतरलो तो एका भल्यामोठ्या दुकानाच्या गोदामात. पाण्याची पिंपं, रंगाचे डबे, कुत्र्यांच्या साखळ्या, गमबूट, सगळं एका छपराखाली. तिथे एका माणसाने माझ्या कोऱ्या बॉनेटवर निळा स्टिकर चिकटवला. दुकानाचंच नाव. तेच नाव झाडूवर होतं, तेच बादलीवर. एका मिनिटात मी बादलीचा भाऊ झालो.

मला घ्यायला आली ती रोपवाटिका चालवणारी एक बाई. तिच्या वाफ्यांच्या मधल्या वाटा अरुंद, वर हिरव्या जाळीची छपरं ठेंगणी. मोठे ट्रॅक्टर तिच्या कामाचे नव्हते. तिने टेप काढून आधी माझी रुंदी मोजली, मग उंची, आणि मगच माझ्या तोंडाकडे पाहिलं. मला तिथेच ती आवडली.

“हा बनतो कुठे?” तिने विक्रेत्याला विचारलं.

“ताई, आमचाच आहे. नाव वाचा की.”

“नाव वाचलं. बनतो कुठे, ते विचारलं.”

“हमी आमची, सर्व्हिस आमची. मग आमचाच नाही का झाला?”

ती हसली. विक्रेता घोळात घेतोय हे तिला कळत होतं. पण मापात बसणारा मी एकटाच होतो. विक्रेत्याने बिल फाडलं आणि नंबर लिहायच्या रकान्यात आळसाने एक रेघ ओढली. ती रेघ पुढे त्याच्याच गळ्याशी येणार होती.

आता घरच्या मंडळींची ओळख करून देतो. तिचा नवरा शाळेत मास्तर. गुलाब आणि झेंडू एवढा फरक त्याला ओळखता येतो, त्याहून जास्त अपेक्षा ठेवू नये. खरा माणूस म्हणजे तिचे सासरे. सगळे त्यांना बाबा म्हणतात. बाबा एकतीस वर्षं ट्रॅक्टरच्या कारखान्यात फिटर होते. बाहेरच्या देशांतून स्वस्त यंत्रं यायला लागली आणि कारखान्याला टाळं लागलं. तेव्हा बाबांनी फाटकासमोर उभं राहून भाषण ठोकलं होतं, की परदेशी यंत्र माझ्या अंगणात पाऊल ठेवणार नाही. यंत्राला पाऊल नसतं, पण टाळ्या कडकडून पडल्या होत्या म्हणे.

मी आलो तेव्हा बाबांनी माझ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. स्टिकर वाचला. “आपल्या दुकानाचा आहे ना? मग हरकत नाही,” म्हणाले. दर रविवारी त्यांचे कारखान्यातले तीन जुने दोस्त पत्ते खेळायला यायचे. बाबा त्यांना माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचे, “बघा, अजून आपल्याकडे बनतंय काही काही.” मी अंग चोरून उभा राहायचो. खोटं मी बोललो नव्हतो, पण गप्प तर होतोच.

आणि मग तो रविवार आला. दोस्त यायला तासभर अवकाश होता, म्हणून बाबांनी मला ग्रीस लावायला घेतलं आणि सीट उचलली.

पट्टी दिसली. बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. अक्षरं काही बदलली नाहीत. त्यांचा चेहरा असा पडला की मलाच कसंतरी झालं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. सून वाफ्यांत होती. मग ते छिन्नी घेऊन आले. दोन ठोक्यांत दोन्ही रिव्हेट उडाले. इंजिनवर कोरलेला नंबरही त्यांनी कानशीने घासून सपाट केला. काम सुबक, यात वाद नाही. दुसऱ्या दिवशी पट्टी डबे-बाटल्यांबरोबर भंगारवाल्याच्या पोत्यात गेली.

मला राग आला. अजून येतो. माझ्याकडे माझं म्हणावं असं तेवढंच होतं.

त्या दिवसापासून बाबा माझ्या सीटवर बसले नाहीत. तेलपाणी वेळेवर करायचे, चिखल लागलेला त्यांना खपायचा नाही, पण बसायचे नाहीत. दोस्तांसमोर माझं कौतुकही बंद झालं. सुनेला वाटलं, पाठ दुखत असेल. तिने त्यांना मलम आणून दिलं. ते बिचारे रोज लावायचे.

तीन वर्षं मी माती ओढली, खत ओढलं, रोपांच्या पिशव्या ओढल्या. मीटरवर अकराशे तास झाले. ती माझी सुखाची वर्षं. मग एके सकाळी, ओल्या मातीची ट्रॉली चढावर घेताना, माझ्या गिअरबॉक्समध्ये काहीतरी कडकन मोडलं आणि मी जागच्या जागी थांबलो.

वेळ अगदी वाईट होती. शहराने नव्या रस्त्यांच्या कडेला लावायला झाडं मागवली होती. तिची आजवरची सगळ्यांत मोठी मागणी. महिनाअखेरीला रोपं नव्या मातीत भरून तयार हवी होती. नाहीतर काम दुसऱ्याला जाणार, आणि जाळीखाली काम करणाऱ्या पाच बायकांना घरी बसवावं लागणार. तिने त्यांना तसं सांगितलंही. लपवाछपवी तिच्या स्वभावात नाही, असं मला तेव्हा वाटत होतं.

तिने दुकानात फोन लावला.

“ताई, ते मॉडेल बंद झालं,” विक्रेता म्हणाला. “आता याच नावाचा येतो, पण तो दुसरीकडे बनतो. त्याचे पार्ट तुम्हाला बसायचे नाहीत.”

“मग माझा कुठल्या कारखान्यात बनला होता?”

“तेवढं आम्हालाही माहीत नसतं हो. सीटखाली पट्टी असेल, तिच्यावरचं नाव-नंबर पाठवा. मागवून देतो.”

तिने सीट उचलली. दोन रिकामी भोकं. इंजिनवर पाहिलं, तर घासलेला लोखंडी चट्टा. ती संतापाने लाल झाली. “चोरीचा माल दिलात मला!” ती फोनवर कडाडली, आणि तिने वरच्या ऑफिसात लेखी तक्रार ठोकली. बाबा बाजूलाच होते. ते पाण्याचा नळ उघडून बंद करत राहिले.

मी आतल्या आत नुसता तडफडत होतो. मला माझा नंबर पाठ आहे, पुढून आणि मागून. पण सांगू कसा? भंगारवाला येऊन मला चारी बाजूंनी बघून गेला. त्याने माझ्या बॉनेटवर टिचकी मारली. ती टिचकी मला दोन दिवस लागत होती.

तिसऱ्या दिवशी विक्रेता स्वतः आला. तोच, रेघ ओढणारा. शर्ट चुरगळलेला, तोंड उतरलेलं.

“ताई, पट्टी होती हो. देताना मी डोळ्यांनी पाहिली होती. बिलावर नंबर लिहिला नाही, ही माझी चूक. पण ऑफिसवाले म्हणतात, मीच चोरीचा माल खपवला. सोमवारी मला काढून टाकतायत.”

“मग पट्टी काय उडून गेली?” ती म्हणाली.

बाबांच्या हातात चहाची कपबशी होती. त्यांनी ती माझ्या मडगार्डवर ठेवली.

“पट्टी मी काढली,” ते म्हणाले.

तिने वळून पाहिलं. “का?”

“लाज वाटली, पोरी. चारचौघांत एवढं बोललो होतो. दोस्त यायचे होते.” ते खाली बघत होते. “यांच्या पोटावर पाय येतोय तरी तीन दिवस मी नळ उघडबंद करत बसलो. त्याची लाज त्याहून मोठी आहे.”

मला वाटलं, आता ती घर डोक्यावर घेणार. पण ती माझ्या पायरीवर मटकन बसली.

“बाबा, हा बाहेरून आलाय हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. याच्याबरोबर दुकानातून सुट्या सामानाचं लाकडी खोकं आलं होतं, त्यावर देशाचं नाव छापलेलं होतं. तुम्हाला त्रास होईल म्हणून तुम्ही उठायच्या आत मी ते खोकं फोडून जाळलं. कारखान्याचं नावही त्याच्यावरच असणार.”

म्हणजे एकाने पट्टी फेकली, दुसरीने खोकं जाळलं, आणि दोघांनीही ते एकमेकांपासून लपवलं. भोगलं मी. माणसांच्या मायेचा हा प्रकार मला अजून नीट उमगलेला नाही.

बाबांनी तिथेच कागद मागवला. ‘पट्टी मी काढली, यात या माणसाचा दोष नाही’ असं लिहून खाली सही केली. विक्रेता तो कागद दोन्ही हातांनी धरून गेला. त्याची नोकरी वाचली, हे नंतर कळलं.

मग बाबांनी तिन्ही दोस्तांना बोलावून सगळं सांगितलं. पत्त्यांच्या डावात हरल्यावरही त्यांचा आवाज इतका बारीक होत नसे. दोस्तांपैकी एकाचं लेथवर लोखंड कातायचं छोटं दुकान आहे. तो म्हणाला, “भाषण तू केलंस, टाळ्या आम्ही वाजवल्या. चल, पाने-पकडी काढ.”

त्यांनी मला लाकडी ठोकळ्यांवर चढवलं आणि माझं पोट उघडलं. मोडक्या दात्यांचे तुकडे वेचले, जुनं तेल पुसलं. आणि बाबांचा हात आतल्या भिंतीवर थबकला. तिथे लोखंडी पंच ठोकून उमटवलेली एक खूण होती. छोटं वर्तुळ, मध्ये ठिपका.

चौघंही वाकून बघत राहिले. त्यांच्या कारखान्यात रीत होती. गिअरबॉक्स ज्याने तपासला, त्याने झाकण लावण्याआधी आतल्या बाजूला आपली खूण मारायची. गिऱ्हाइकाला ती कधी दिसत नाही. बिघडून परत आला तर कुणाच्या हातचा ते कळावं, एवढ्यासाठी. आणि थोडी हौस म्हणूनही.

“तिकडेही आपल्यासारखेच वेडे आहेत म्हणायचे,” लेथवाला म्हणाला.

बाबा हसले नाहीत. “ही खूण मारणाऱ्याने माझं काम खाल्लं असं मी इतकी वर्षं म्हणत आलो. याला बिचाऱ्याला माझं नावसुद्धा माहीत नाही.” त्यांचे डोळे भरले होते. माझा त्यांच्यावरचा राग अर्धाअधिक तिथे उतरला. सगळा नाही.

त्या तुकड्यांवरून माप घेऊन लेथवर केलेला पहिला गिअर चुकला. दाते जाड झाले, बसेना. दुसरा बसला. झाकण लावण्याआधी बाबांनी त्या खुणेशेजारी आपली खूण मारली, त्रिकोणातले तीन ठिपके. मग इंजिन सुरू केलं, आणि सीटवर स्वतः बसले. महिना संपायला दोन दिवस असताना शेवटची माती वाफ्यांत पडली. झाडं शहरात गेली. पाच बायका कामावर राहिल्या.

इथे गोष्ट संपली असती तर मी इतका घाईत नसतो.

गेल्या आठवड्यात शेजाऱ्याने नवा ट्रॅक्टर आणला. नारिंगी. नामांकित कंपनीचा, किंमत माझ्या दीडपट. बाबा बघायला गेले, त्याच्या बॉनेटवर थाप मारून म्हणाले, “याला म्हणतात आपलं काम!” इतकं सगळं होऊनसुद्धा! मी कुंपणाच्या अलीकडून पाहत होतो. तेच दिवे, तीच सीट, तोच किंचित डावीकडे झुकलेला सायलेन्सर. अहो, तो माझा सख्खा भाऊ आहे. त्याच शेडमध्ये माझ्यानंतर जोडला गेलेला. फक्त त्याला रंगाच्या दुसऱ्या टाकीत बुडवला. त्याचे पार्ट मला तंतोतंत बसतील, आणि ते बाजारात, दोन गल्ल्या पलीकडच्या दुकानात, नारिंगी खोक्यांत रचून ठेवलेले असतात.

आणि इकडे नव्या गिअरच्या एका दात्यातून बारीक किरकिर यायला लागलीय. बाबांच्या हातात दोष नाही, लोखंडच जरा मऊ होतं. त्यांना ती ऐकू येत नाही, एकतीस वर्षांत त्यांचे कान कारखान्यातच राहिले. सुनेला नव्या मागणीच्या गडबडीत ऐकायला फुरसत नाही. उद्या ती मला भरल्या ट्रॉलीसकट तोच चढ चढवणार आहे.

म्हणून तुम्हाला गाठलंय. तुम्हाला तोंड आहे, मला नाही. माझं नाव शोधत बसू नका, मला आता त्याची फारशी हौस उरली नाही. तिला फक्त एवढं सांगा, की सकाळी मला चालू करायच्या आधी कुंपणापलीकडे जा आणि त्या नारिंगीची सीट उचलून बघ. बाबांनाही बरोबर ने, पट्टीवरची अक्षरं ते ओळखतील. आणि छिन्नी घरीच राहू दे.