कोंडा पाखडणारे सूप

मित्रांनो, मी एक जुने सूप आहे. बारवी धरणाच्या वरच्या अंगाला, विठाच्या पडवीत खुंटीला टांगलेले असते. माझी एक कड उसवली आहे, उंदरांनीही कुरतडले आहे. त्याचे मला दुःख नाही. दुःख वेगळेच आहे आणि ते सांगितल्याशिवाय मला चुलीत जायचे नाही.

बदलापूरच्या एका बुरडाने मला विणले. विठाने घरी आणून शेणाने सारवले, उन्हात वाळवले आणि कामाला जुंपले. ती उखळात भात कांडायची, मी तूस पाखडायचे. तांदूळ निघायचा तांबूस, अंगावर कोंडा राखलेला. विठा तोंडाची फटकळ, पण असे हलके सूप गावात दुसरे नाही, असे शेजारणींना सांगायची. मी फुशारून जायचे.

पंच्याऐंशी साली तिचा मुलगा महिपती अंबरनाथच्या कारखान्यात कायम झाला. भागीरथी सून म्हणून घरात आली आणि भात गिरणीत जाऊ लागला. दोनदा फिरव, असे विठा गिरणीवाल्याला बजावायची. तांदूळ पांढराशुभ्र यायचा, कोंड्याचे पोते वेगळे. तो कोंडा माझ्यात पाखडून ती म्हशीला घालायची. थोडा पिठात कालवून स्वतःपुरती भाकरी थापायची आणि चुलीकडे तोंड करून खायची. एकदा भागीरथीने त्यातला तुकडा मागितला.

विठाने टोपली मागे सारली. "तू नको खाऊ. कोंडा खाऊन आमचा जलम गेला. तू पांढरा भात खा, पोरी."

ही मायाच होती, मित्रांनो. पुढे भागीरथीला मुलगी झाली. डाळ बाधेल, भाजी थंड पडेल म्हणून विठाने तिला नुसता मऊ भात आणि तूप चालू ठेवले. पाचवीला बाळ माझ्यात निजवले. इतके मऊ ओझे मी कधी पेलले नव्हते.

बाळंतिणीच्या पायांना मुंग्या येत. अशक्तपणा असेल म्हणून कुणी मनावर घेतले नाही. तिसऱ्या महिन्यात बाळ रडे, पण आवाजच उमटेना. तोंड उघडे, डोळ्यांत पाणी, आणि घर गप्प. विठाने मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. दुसऱ्या दिवशी उल्हासनगरच्या दवाखान्यात नेले, तेव्हा फार उशीर झाला होता.

विठा परतली ती पडवीतच बसली. डॉक्टरीणबाईंनी भागीरथीला पायांच्या मुंग्यांवर सुई दिली होती, काय काय जेवतेस ते विचारले होते. बाळाला जे जीवनसत्त्व हवे होते ते आईच्या दुधात उतरलेच नाही, ते कोंड्यात होते, असे त्यांनी सांगितले होते. माझ्यात सकाळचा कोंडा तसाच पडला होता. विठाने त्याची मूठ भरली. गोठ्यात म्हैस तुकतुकीत उभी होती.

"म्हशीला घातला गं मी," ती सुनेला म्हणाली.

विठा आता पुन्हा उखळात कांडते. कोंड्याची पहिली भाकरी सुनेच्या ताटात वाढते. भागीरथी खाली मान घालून खाते. चार वर्षे झाली, घरात पाळणा बांधलेला नाही.

मित्रांनो, साल, टरफल, कोंडा टाकताना एकदा हात थांबवा, जाणत्या माणसाला विचारा. मला कळत नव्हते, मी फक्त पाखडत होते. माझ्यात रोज कोंडा असतो. बाळ पुन्हा कुणी ठेवले नाही.