एकच टिक

"चार दिवस झाले, एकच टिक! झोपा काढते काय तुमची कंपनी?" नासलेलं दूध परत करावं तसा मावशींनी फोन काचेखालून आत सरकवला.

मोबाईल कंपनीच्या तक्रारीच्या तिसऱ्या खिडकीत बसणाऱ्याला ऑफिसात सगळे 'तीन नंबर' म्हणत. एकवीस वर्षांत त्याला बढती मिळाली नव्हती; नंबर तेवढा मिळाला होता.

"कोणाला पाठवलाय?"

"भावाला. रुसलाय."

"फोन केला तर रिंग जाते?"

"जाते की. उचलत नाही मेला."

"म्हणजे सिम चालू आहे. त्यांनी ते काढून साध्या फोनात घातलं असणार. पण या नव्या, टिकवाल्या मेसेजसाठी त्यांच्या नंबरची नोंद अजून जुन्या फोनवरच आहे, आणि तो पडलाय कुठल्यातरी ड्रॉवरमध्ये. तुमचा मेसेज त्याच्या दाराशी ताटकळतोय."

"मग तुम्ही काढा आणि द्या त्याला."

"कुलूपबंद असतो, मावशी. किल्ल्या दोनच, एक तुमच्या फोनात, एक त्यांच्या. आम्ही मधले हमाल. नोंदसुद्धा त्यांनाच रद्द करता येते."

"मग काय हातावर हात धरून बसू?"

"मेसेजवर बोट दाबून धरा. 'साधा मेसेज म्हणून पाठवा' असं येईल. तो जाईल. पण त्याला कुलूप नसतं, आणि टिकही नसते. वाचला की नाही, कळणार नाही."

"कळून काय करायचंय? पोचल्याशी कारण!" मावशींनी तिथंच बोट दाबलं आणि चालू लागल्या.

सगळं मिळून दीड मिनिट. तीन नंबरच्या खिशातल्या फोनवरही चार दिवस एकच टिक होती. रिंग जात होती, कोणी उचलत नव्हतं. रोग तोच, औषधही तेच. वैद्य मात्र बाटलीचं बूच काढायला तयार नव्हता.

दोन वर्षांपूर्वी लेकीनं घर सोडलं, तेव्हा त्यानं लिहिलं होतं, 'आम्ही तुला मेलो.' तो मेसेज कंपनीच्या जाहिरातीत शोभावा असा गेला. कुलूप, दोन टिका, मिनिटाच्या आत वाचल्याची खूण. मग तीन ठिपके नाचू लागले. लेक लिहीत होती. अकरा मिनिटं लिहीत होती. मग ठिपके गेले आणि आलं काहीच नाही.

आताचा मेसेज होता, 'आईचं ऑपरेशन शुक्रवारी सकाळी आठला. डॉक्टर खात्री देत नाहीत. ये.'

टिक एक असेपर्यंत तिनं तो वाचलेला नव्हता. वाचलाच नाही, तर ती येत नाही असं कोण म्हणेल? साध्या मेसेजात ही सोय नव्हती.

गुरुवारी संध्याकाळी तो वॉर्डात गेला. बायको भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"वाचला का हो तिनं?"

"पोचलाच नाही अजून."

"लोकांचे बरे पोचतात तुमच्या खिडकीतून."

तो स्टुलावर टेकला. "साधा पाठवला तर जाईल. पण वाचला का ते कळणार नाही."

"आली तर कळेलच की." ती त्याच्याकडे वळली. "आणि नाही आली, तर मी गुंगीत असेन. तुमचं तुम्ही बघा."

त्यानं मेसेजवर बोट दाबून धरलं. कुलूप गेलं, टिक गेली. मग त्यानं आणखी एक साधा मेसेज पाठवला. एकाच शब्दाचा. 'चुकलो.' वाटेत कोणालाही वाचता आला असता. वाचू दे.

सकाळी साडेसातला पासाच्या खिडकीत त्याच्याच वयाचा एक कारकून होता.

"पेशंटमागे दोन पास. किती जण?"

"दोन."

"दुसरं माणूस दिसत नाही."

"येतंय."

"नक्की?"

असं कोणी विचारलं की काय सांगायचं, ते त्याला एकवीस वर्षं पाठ होतं. "सांगता येत नाही," तो म्हणाला. "पण द्या."

कारकुनानं काचेखालून दोन्ही पास सरकवले.

स्ट्रेचर आत गेलं. आठला दार बंद झालं. सगळे नातेवाईक त्या दाराकडे बघत बसले होते. तीन नंबर तेवढा दाराकडे पाठ करून, दुसरा पास हातात धरून, फाटकाकडे तोंड करून उभा होता.